व्यवसाय : काही नाही, घरीच

वाचक लिहितात : मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आम्ही गावातील ४० घरांची पाहणी केली. अर्जात व्यवसायाचा रकाना होता. शेतातून नुकत्याच परतलेल्या बायकासुद्धा ‘काही नाही, घरीच असते, लिही’ असे सांगत होत्या आणि मी तसेच लिहीत गेले. ते मला खटकत राहिले. पुढे वाचताना कळले की स्त्री अभ्यास या विषयात एम.ए. करता येते. मला तिकडे जावेसे वाटते. आमचे सर म्हणतात, हा आंतरविद्याशाखीय विषय म्हणजे खिचडी. सगळ्याचे थोडे थोडे, धड एकही नाही. मामा म्हणतात, ‘बायकांचा कसला अभ्यास करायचा? एम.एस्सी. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे.’ आई-वडील मामांच्या शब्दाबाहेर नाहीत. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. माझी बी.एस्सी. वाया जाईल का? नोकरी मिळेल का? मला स्त्रियांवरील अन्यायाविरुद्ध काम करायचे आहे, त्यासाठी ही पदवी योग्य आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील व्यवसायाच्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण तो रकाना मीही एके काळी तसाच भरलेला आहे. अर्थशास्त्राची अधिव्याख्याता म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि एका पाहणीसाठी सातारा जिल्ह्यात हिंडत होते. एका घरी पोहोचले तेव्हा बाई गोठ्यात धार काढत होत्या आणि यजमान ओसरीवर पेपर वाचत बसले होते. माहिती यजमानांनी दिली. त्यांच्या नावापुढे मी ‘शेती व दुग्धव्यवसाय’ असे लिहिले आणि बाईंच्या नावापुढे ‘गृहिणी’. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज कानावर येत असताना मी हे लिहिले, आणि त्यात काही चुकते आहे हे उमगायला मला पुढे कित्येक वर्षे लागली. तुम्हाला ते तिथल्या तिथे खटकले. तेव्हा या विषयाकडे वळण्याचा तुमचा विचार ही केवळ लहर आहे, असे मी मानत नाही. मात्र तुमच्या सरांचा आक्षेपही हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तुमचे बाकीचे प्रश्न बऱ्याच अंशी त्यालाच जोडलेले असल्यामुळे आधी त्याच्याकडे वळते.

एकाच पदवीत थोडा इतिहास, थोडे समाजशास्त्र, थोडा कायदा आणि थोडे साहित्य शेजारी शेजारी वाढले, तर तो अभ्यासक्रम फार तर बहुविद्याशाखीय म्हणता येईल. तसे अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांतून बाहेर पडलेले विद्यार्थी प्रत्येक विषयावर पाच मिनिटे बोलू शकतात आणि सहाव्या मिनिटाला अडतात, हेही मी पाहिलेले आहे. सरांनीही कदाचित तेच पाहिले असेल. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची सुरुवात विषयांपासून होत नाही. ती अशा एखाद्या प्रश्नापासून होते की जो कोणत्याही एका विद्याशाखेच्या घरात पुरता मावत नाही. तुमचा रकाना हा तसा प्रश्न आहे, म्हणून तोच घेऊन थोडे पुढे जाऊ.

नमुना कसा निवडावा, ४० घरांवरून किती बोलावे आणि किती बोलू नये, हे संख्याशास्त्र तुम्हाला शिकवते. पण ‘काम’ कशाला म्हणायचे हे ठरवणे त्याच्या हातात नाही; ती व्याख्या त्याला बाहेरून मिळते आणि बहुतेक वेळा ती अर्थशास्त्राकडून येते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, तिच्यात घरी खाण्यासाठी पिकवलेली ज्वारी उत्पादनात धरली जाते, परंतु त्याच ज्वारीची भाकरी घरच्यांसाठी थापणे धरले जात नाही. तीच भाकरी खानावळीत थापली की उत्पन्नात जमा होते. ही सीमारेषा माणसांनी आखलेली आहे आणि वेळोवेळी ती थोडीथोडी सरकलीही आहे. १९९१च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात, शेतावर किंवा घरच्या व्यवसायात विनामोबदला केलेले कामही धरावे, असे शब्द मुद्दाम घालण्यात आले. २००१च्या जनगणनेत घरच्या वापरापुरते दूध काढणे हेही काम मानले गेले. प्रश्नाचे शब्द बदलले की काम करणाऱ्या बायकांची संख्या बदलते; बायका मात्र त्याच असतात आणि कामही तेच असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अर्जात ९२ आणि ९३ असे दोन संकेतांक आहेत, ते एकदा काढून पाहा. केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी पहिला आणि घरकामासोबत सरपण-चारा गोळा करणे, शिवणकाम करणे अशी घरच्या उपयोगाची कामे करणाऱ्यांसाठी दुसरा. हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेर मोडतात. तुमच्या ४० घरांतील किती बायका या दोन आकड्यांत जाऊन बसतील, याचा अंदाज तुम्हीच करू शकाल.

इथपर्यंत अर्थशास्त्र पुरते. त्यापुढचा प्रश्न असा की ‘घरीच असते’ हे त्या बायका स्वतःच का सांगतात? कोणी त्यांच्या तोंडावर हात ठेवलेला नव्हता. ज्या घरात बाईने दुसऱ्याच्या बांधावर न जाणे ही इभ्रतीची गोष्ट मानली जाते, तिथे ‘घरीच’ हे उत्तर म्हणजे मानाची नोंद असते. भूमिहीन दलित कुटुंबातील बाई त्याच प्रश्नाला ‘मजुरीला जाते’ असे सरळ उत्तर देते, कारण तिला तो आडपडदा परवडत नाही आणि गावाने तो तिला कधी देऊही केला नाही. तुमच्या अर्जात जातीचा रकाना असेल तर ही दोन उत्तरे जातवार वेगळी करून पाहा, आणि नसेल तर तो का नव्हता याचा विचार करा. मग कायद्याकडे यावे लागते. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असल्यामुळे शासनाच्या लेखी ती शेतकरी नसते, आणि नवऱ्याच्या मागे तीच जमीन कसत असताना शेतकऱ्यांच्या योजना मिळवण्यासाठी तिला कागदांच्या मागे धावावे लागते. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांच्या बरोबरीने हक्क दिला. तरीही गावोगावी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या का करतात, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, ते नातेव्यवस्थेच्या आणि माहेर टिकवण्याच्या अभ्यासात सापडते.

या प्रवासात संख्याशास्त्र कुठेही सुटत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. उलट शेवटी पुन्हा त्याच्याच दाराशी यावे लागते, कारण जे मोजले जात नव्हते ते मोजायचे तर नवी मोजपट्टी हवी. भारतात १९९८-९९मध्ये हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तमिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली. माणसाला ‘तुम्ही काय काम करता’ असे न विचारता ‘काल दिवसभरात काय काय केले’ असे विचारायचे, ही तिच्यामागची साधी कल्पना. देशभरची पहिली पाहणी २०१९ साली झाली. त्या पाहणीनुसार घरातील विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. हीदेखील केवळ ते काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपासच निघाले. तुमच्या ‘काही नाही’ या उत्तरात हे पाच तास लपलेले होते. ते शोधायला आधी व्याख्येवर शंका घ्यावी लागली, मग प्रश्न बदलावा लागला आणि मग नमुना काढावा लागला. यातले एकही पाऊल कच्चे टाकून चालले नसते. नमुना संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला पाहिजे, व्याख्या अर्थशास्त्राच्या आणि उत्तराचा अर्थ समाजशास्त्राच्या. सरांना सांगा की या विषयात ‘थोडे थोडे’ चालत नाही, प्रत्येक दारी तिथल्या मालकाला पटेल असेच बोलावे लागते. (खिचडीविषयीही त्यांचे मत मला घाईचे वाटते, पण तो वाद स्वयंपाकघरात.)

‘बी.एस्सी. वाया जाईल का’ या प्रश्नाचे उत्तर या विषयाच्या इतिहासात आहे. भारतात स्त्री अभ्यासाला चालना मिळाली ती बऱ्याच अंशी एका आकड्यामुळे. १९७१मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीविषयी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. दर हजार पुरुषांमागे १९०१मध्ये ९७२ असलेल्या स्त्रिया १९७१मध्ये ९३० झाल्या होत्या. स्वातंत्र्य, राज्यघटना, मताधिकार, शाळा आणि दवाखाने हे सगळे आलेले असताना ही घसरण झाली होती. समितीचा ‘समानतेकडे’ या अर्थाच्या इंग्रजी शीर्षकाचा अहवाल १९७४च्या अखेरीस आला आणि आपण स्वतः सुस्थितीत शिकलो-सवरलो म्हणून देशातील स्त्रियांचे बरे चालले असेल, असे मानणाऱ्या अनेक विदुषींना त्याने हादरवले. त्या समितीत लतिका सरकार कायद्याच्या होत्या, लीला दुबे मानवशास्त्राच्या आणि मजुमदार राज्यशास्त्राच्या. एकाच आकड्यापुढे तीन विद्याशाखा बसल्या, कारण एकटीला तो उलगडणे शक्य नव्हते. त्याच वर्षी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. भारतातील विद्यापीठांमधले ते पहिले. १९८१मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद त्याच विद्यापीठात झाली आणि पुढच्या वर्षी भारतीय स्त्री अभ्यास संघटना स्थापन झाली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी केंद्रे काढली, त्यांतच १९८७चे पुणे विद्यापीठातील केंद्र येते, जे आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील केंद्राला तुमच्या मराठवाड्याच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे नाव आहे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे त्यांचे पुस्तक १८८२चे. तेव्हा हे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणाले, तर त्या सालाकडे बोट दाखवावे आणि विषय संपवावा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबाबत मात्र मला थोडे स्पष्ट बोलावे लागेल. अन्यायाविरुद्ध काम करायचे आहे म्हणून ही पदवी घ्यायची, हे कारण प्रामाणिक आहे, पण ते पुरेसे नाही. हा विषय चळवळीतून आला, त्याची चळवळीशी असलेली नाळ तुटलेली नाही आणि तुटू नये. तरीही वर्गात बसल्यावर तुमच्या स्वतःच्या खात्रीलाच पहिला धक्का बसतो. उदाहरण तुमच्याच भागातले घेते. बीडकडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या २०१९मध्ये आल्या, तेव्हा शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सुमारे १७ टक्के. बातमी वाचून बहुतेकांनी एका ओळीचे स्पष्टीकरण स्वीकारले : मुकादमाला खाडा नको असतो, म्हणून बायका पिशवी काढून घेतात. हे खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबणारा अभ्यास होत नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते, म्हणजे बाईची मजुरी तिच्या नावाने वेगळी कुठे दिसतच नाही. हा अर्थव्यवहाराचा भाग झाला. उचल फिटेपर्यंत कामावरून मागे फिरता येत नाही, हा कायद्याचा आणि वेठीच्या इतिहासाचा. फडाशेजारच्या कोप्यांवर पाण्याची आणि संडासाची सोय नसते, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रकमध्ये चढवाव्या लागतात, मुलींची लग्ने लहान वयात होतात आणि बाळंतपणे लवकर उरकतात, यांतून उद्भवणारे आजार वैद्यकशास्त्राच्या कक्षेत येतात. अंगावरून जाण्याच्या साध्या तक्रारीवर ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालणारी खासगी दवाखान्यांची व्यवस्था हा आरोग्यसेवेच्या राजकारणाचा विषय आहे. कोरडवाहू जमिनी, पाण्याचे वाटप आणि ऊस कोणत्या जिल्ह्यात वाढला व तोडणारे कोणत्या जिल्ह्यातून आले, हा सिंचनाच्या इतिहासाचा. जातीचा प्रश्न या सगळ्यातून वाहतो. आणि तुम्ही संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनी असल्यामुळे तुमच्या मनात पहिला प्रश्न आला असेल तो असा की हे १७ टक्के कशाच्या तुलनेत? कोणत्या वयोगटातील? शस्त्रक्रिया झाली तेव्हा बाईचे वय काय होते? त्याच गावातील, त्याच वयाच्या, पण तोडीला न जाणाऱ्या बायकांमध्ये हे प्रमाण किती? असे प्रश्न विचारणारी मुलगी अन्याय झाकू पाहते आहे, असे काही जणांना वाटेल. तुम्ही तसे वाटून घेऊ नका. तुलनेचा गट नसलेला आकडा कोणत्याही वकिलाला दोन मिनिटांत उडवून लावता येतो, आणि मग नुकसान त्या बायकांचेच होते.

तुमच्या गावातूनही दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या जात असतील. एखाद्या टोळीतील बाईशी तुम्ही बोललात, तर ती तुम्हाला अर्जात न बसणारे असे काहीतरी सांगेल की जे या सगळ्या विद्याशाखांना पुरून उरेल. ते ऐकण्याचीही एक शिस्त असते, आणि ती या पदवीत शिकवली जाते. मला विचाराल तर ती सर्वांत अवघड गोष्ट आहे. संख्याशास्त्राच्या माणसाला मौन ही ‘उत्तर नाही’ म्हणून भरण्याची गोष्ट वाटते. इथे त्या मौनापाशी बसावे लागते.

आता नोकरीविषयी, आणि इथे मी गोड बोलणार नाही. स्त्री अभ्यासाची पदवी दाखवली की नेमणूक होते, असे एकही मोठे खाते महाराष्ट्रात नाही. विद्यापीठीय अध्यापनासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे, पण अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत, केंद्रांमधील बऱ्याच नेमणुका कंत्राटी असतात, आणि २०१७मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा योजनेच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांचे पुढे काय, अशी टांगती तलवार होती. समाजशास्त्राच्या जागेसाठी अर्ज केला तर ‘तुमची पदवी त्या विषयाची नाही’ असे उत्तर मिळू शकते. दोन विद्याशाखांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्याला दोन्ही दारे बंद मिळण्याचा अनुभव येतो, आणि ही आंतरविद्याशाखीय पदवीची खरी किंमत आहे, जी माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. मामांच्या स्पर्धा परीक्षेचे म्हणाल, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांत संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र आहेत, स्त्री अभ्यास नाही.

दुसऱ्या बाजूला, सामाजिक क्षेत्रात ज्यांना पाहणीचा आराखडा करता येतो, आकडे तपासता येतात आणि बाईशी तिच्या भाषेत बोलताही येते, अशी माणसे फार थोडी आहेत. बचत गटांचे जाळे सांभाळणारे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५पासून काम करते आहे, उमेद अभियान गावागावांत आहे, आरोग्य आणि शेतीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आहेत. या सर्वांना कार्यक्रमांचे मूल्यमापन करावे लागते. यातील अनेक कामे प्रकल्पापुरती असतात आणि प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध करावी लागते, हे आईला आधीच सांगून ठेवा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते आणि तिच्यावर बाहेरची एक जाणकार व्यक्ती असावी लागते, पण ते पोट भरण्याचे साधन नव्हे. नुसत्या स्त्री अभ्यासाच्या पदवीधराला जी अडचण येते, ती तुम्हाला संख्याशास्त्रामुळे बरीच कमी येईल, आणि नुसत्या संख्याशास्त्राच्या पदवीधराला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसेल. म्हणून एम.ए.ची दोन वर्षे संगणकावरील सांख्यिकी विश्लेषणाचा सराव एक आठवडाही सोडू नका, आणि शेवटचा प्रबंध आकडे व मुलाखती दोन्ही वापरूनच लिहा.

अर्ज कुठे करावेत? पुण्याच्या केंद्रातील पदवीचे नाव लिंगभाव, संस्कृती आणि विकास अभ्यास असे आहे, तर मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत स्त्री अभ्यासातच एम.ए. करता येते. दोन्हीकडे विज्ञानाचे पदवीधर येतात आणि मुलगेही येतात. तुमच्या मामांना हे ऐकून नवल वाटेल. प्रवेश परीक्षा आणि शुल्क यांचे नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कोणाच्या ऐकीव माहितीवर राहू नका. त्याच देवनारमध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३पासून तीच करते आणि तिथले लोकसंख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मानवते. मी तुमच्या जागी असते तर तिथेही अर्ज केला असता. तुमचा प्रश्न तिथूनही गाठता येतो, फक्त उलट्या बाजूने : आधी मोजणी पक्की करायची आणि व्याख्येवरची शंका आपली आपण जागी ठेवायची. घरच्या परिस्थितीला दोन वर्षांच्या वसतिगृहाचा खर्च पेलणारा असेल आणि पुण्यात किंवा टाटा संस्थेत प्रवेश मिळाला, तर माझे मत स्त्री अभ्यासाच्या बाजूने पडेल. खर्च कर्ज काढून करावा लागणार असेल, तर लोकसंख्याशास्त्र आधी आणि स्त्री अभ्यास पुढे संशोधनाच्या वेळी, असा क्रम ठेवा.

मराठी माध्यमाची भीती अर्धी खरी आहे. वाचन बहुतेक इंग्रजी असेल आणि पहिले सहा महिने जड जातील. मी विद्यार्थ्यांना एक सवय लावत असे : इंग्रजी लेख वाचून झाला की पुस्तक मिटायचे आणि लेखकाचे म्हणणे मराठीत दहा ओळींत लिहायचे. जे मराठीत लिहिता येत नाही ते समजलेले नसते; ते नुसतेच पाठ झालेले असते. आणि उरलेली अर्धी बाजू अशी की या विषयाचे अस्सल साधन तुमच्याच भाषेत पडलेले आहे. मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने १८५५मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी सिद्ध केलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही पुस्तके अनुवादातून वाचणाऱ्यांपेक्षा तुम्ही कितीतरी आत शिरू शकाल. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रगणकाला ‘काही नाही, घरीच’ असे सांगणारी बाई जात्यावर बसली की आपल्या कष्टांची पै न पै मोजते. पाहणीचा अर्ज आणि ओवी एकमेकांशेजारी ठेवून वाचणारी संख्याशास्त्रज्ञ मला अजून भेटायची आहे.

मामांशी स्त्रीवादावर वाद घालू नका. त्यांचा विरोध विषयाला कमी आणि अनिश्चिततेला जास्त असावा, असे पत्रावरून वाटते. भाचीच्या पायाशी भक्कम जमीन असावी एवढेच त्यांना हवे असेल. त्यांच्यापुढे कागदावर मांडून दाखवा : दोन वर्षांचा खर्च किती, शिष्यवृत्ती मिळण्याजोगी आहे का, एम.एस्सी. आणि लोकसंख्याशास्त्र यांचेही अर्ज भरले आहेत, आणि अमुक तारखेपर्यंत प्रवेश मिळाला नाही तर पुढे काय. ‘बायकांचा कसला अभ्यास’ या त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचेच असेल, तर एका रविवारी मामींचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत मिनिटांच्या हिशेबाने लिहून काढा. मात्र तो कागद मामांपुढे ठेवण्याआधी मामींची परवानगी घ्या. संशोधनातही हाच नियम आहे, आणि मामी नको म्हणाल्या तर कागद फाडून टाका.

प्रवेशाच्या वेळी बहुधा तुम्हाला ‘हा विषय का निवडला’ असे लिहायला किंवा सांगायला लावतील. तिथे सक्षमीकरण, समानता असे मोठे शब्द योजू नका. ते शब्द परीक्षकांनी त्या दिवशी आधीच पन्नासदा वाचलेले असतात. रकान्याची हकिगत सांगा, त्यात तुमची चूक काय झाली तेही सांगा. प्रकल्पाचे गुण मिळाले म्हणून ते ४० अर्ज महाविद्यालयाने रद्दीत काढले नसतील, तर आजच विभागप्रमुखांना विचारून त्यांच्या प्रती मागून घ्या.

तुमची,
सल्लागार